रात्रीत २१२ इशारे आले, हवा होता तो एकही नाही – डेटाबेसवर तुम्ही नेमकी नजर कशावर ठेवता?

गोदाकाठ | बुधवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबडला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी डेटाबेस सांभाळतो. डेटाबेस तीन प्रकारचे: ईआरपी (कारखान्याचा सगळा व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर) ओरॅकलवर, मशिनशॉपमधून येणारा उत्पादनाचा डेटा पोस्टग्रेसवर आणि हजेरी-पगार एसक्यूएल सर्व्हरवर. सांभाळायला आम्ही दोघं.

काल पहाटे २.४० ला डिस्पॅचमधून फोन. "साहेब, इनव्हॉइस निघत नाहीये, गेटवर चार गाड्या उभ्यात." लॅपटॉप उघडला तर डॅशबोर्ड हिरवागार. सीपीयू ११ टक्के, मेमरी ठीक, डिस्क ७१ टक्के, लिसनर (डेटाबेसला जोडणी करून देणारा प्रोग्रॅम) चालू. पहिली पाच मिनिटं मी नेटवर्कवरच संशय घेतला. मग साध्या युजरनं लॉगिन करून बघितलं तेव्हा समोर आला ओरॅकलचा एरर, ओआरए-००२५७. आर्काइव्ह लॉग ठेवायची जागा संपलेली. प्रत्येक सेशन, म्हणजे प्रत्येकाची चालू जोडणी, कमिटवर (बदल पक्का करण्यावर) अडकून वाट बघत बसलेलं, म्हणून तर सीपीयू इतका शांत होता.

डिस्कवर जागा होती. पण रिकव्हरीच्या फायलींनी किती जागा वापरायची याची मर्यादा ओरॅकलला आपणच नेमून देतो, ती भरली होती. वाड्यात खोल्या रिकाम्या, पण मुनीमजींना दिलेली कोठी गच्च. ही मर्यादा चालत्या डेटाबेसवर वाढवता येते. वाढवली, आणि अडकलेली सेशन्स सुटली. २.५८ ला गेटवरच्या प्रिंटरनं पहिलं इनव्हॉइस काढलं. त्याचा खरखराट मला फोनवर ऐकू आला.

मग कारण शोधलं. रात्रीचा आरमॅन (ओरॅकलचं बॅकअपचं साधन) बॅकअप झाला की जुने आर्काइव्ह लॉग तोच काढून टाकतो. तो तीन रात्री झालाच नव्हता. ज्या खात्यातून तो चालतो त्याच्या पासवर्डची मुदत संपली होती, त्यामुळे क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणारा प्रोग्रॅम, ते काम सुरूच करत नव्हता. बॅकअप फेल गेला तर मेल यावी अशी सोय आम्ही केलेली आहे. पण फेल जायला आधी सुरू तरी व्हायला हवा ना!

सगळ्यात लागलं ते वेगळंच. मर्यादा ८५ टक्के भरल्यावर आणि पुन्हा ९७ टक्के भरल्यावर ओरॅकलनं स्वतःच्या अलर्ट लॉगमध्ये इशारा लिहून ठेवला होता. तो आमच्यापर्यंत पोचला नाही. पोचल्या त्या दुसऱ्याच २१२ मेल. टेस्ट सर्व्हरचा सीपीयू, कुठल्यातरी रिपोर्टची दोन सेकंदं जास्त, सर्टिफिकेट संपायला ८९ दिवस. रोज मरे त्याला कोण रडे, अशी त्या मेलबॉक्सची अवस्था झालीय.

म्हणून विचारतो. तुमच्याकडे माणसाला झोपेतून उठवायच्या लायकीचे इशारे कोणते? आणि नजर नेमकी कशावर?

सातपूरकर | बुधवार, रात्री १०.३१

पहिल्यांदा अभिनंदन, की घाईत आर्काइव्ह फायली हातानं उडवल्या नाहीत. आमच्याकडे एकानं रात्रीच्या पाळीत तेच केलं होतं. ऑपरेटिंग सिस्टिमवरून फायली गेल्या, पण कंट्रोल फाइलच्या, म्हणजे ओरॅकलच्या स्वतःच्या नोंदवहीच्या, हिशेबी त्या अजून तिथंच. त्यामुळे ओरॅकलला जागा मोकळी झालेली दिसेना. आरमॅनमधून क्रॉसचेक करून, गेलेल्या नोंदी काढल्यावर कुठं ते हललं. आणि त्यातले काही लॉग स्टँडबायला, म्हणजे अडीअडचणीसाठी तयार ठेवलेल्या जोड-डेटाबेसला, अजून गेलेच नव्हते. स्टँडबाय तुटलं ते नव्यानं उभारण्यात पूर्ण रविवार गेला.

वाचनमात्र | बुधवार, रात्री १०.४४

मी या क्षेत्रातली नाही, नाशिकरोडला दुकानाचे हिशेब बघते. पण धागा वाचत बसले. आर्काइव्ह लॉग म्हणजे काय, आणि तो ठेवायला जागा नाही म्हणून सगळा कारखाना का थांबावा?

रेवती_इंदिरानगर | बुधवार, रात्री ११.०५

वाचनमात्र, तुम्ही हिशेब बघता म्हणजे तुम्हाला हे आमच्यापेक्षा लवकर कळेल. कीर्द आणि खतावणी आठवा. व्यवहार झाला की तो आधी घडला त्या क्रमानं कीर्दीत जातो. खतावणीत ज्याच्या-त्याच्या खात्यावर मागाहून, सवडीनं उतरवतात.

डेटाबेस अगदी तसंच वागतो. तुम्ही 'सेव्ह' दाबलंत की बदल आधी रीडू लॉगमध्ये, म्हणजे कीर्दीत लिहिला जातो. ती ओळ डिस्कवर पक्की बसली की मगच 'झालं' असं उत्तर मिळतं. मूळ टेबलाची पानं, म्हणजे खतावणी, नंतर लिहिली जाते. मध्येच वीज गेली तर सुरू होताना डेटाबेस कीर्द वाचतो आणि राहिलेलं खतावणीत उतरवून घेतो. पोस्टग्रेसमध्ये याच कीर्दीला वॉल म्हणतात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रान्झॅक्शन लॉग.

आता ओरॅकलकडे कीर्दीच्या वह्या मोजक्याच असतात, त्या आळीपाळीनं वापरल्या जातात. भरलेली वही पुन्हा वापरण्याआधी तिची नक्कल कपाटात ठेवावी लागते. ती नक्कल म्हणजे आर्काइव्ह लॉग. कपाट भरलं तर नक्कल ठेवता येत नाही, नक्कल नाही म्हणून वही कोरी करता येत नाही, आणि वही नाही म्हणून नवा व्यवहार लिहिता येत नाही. डेटाबेस थांबतो तो तुमचा एकही व्यवहार हरवू नये म्हणून. गोदाकाठ यांच्याकडे तो बिघडला नव्हता, त्यानं आपलं काम चोख केलं.

वाचनमात्र | बुधवार, रात्री ११.११

रेवतीताई, लख्ख कळलं. आमचे सासरे कीर्द लिहिल्याशिवाय दुकानाला कुलूप लावत नसत.

पिंपळगावचा | गुरुवार, सकाळी ७.२०

माझं मत थोडं वेगळं आहे. सीपीयू, मेमरी, डिस्क या सर्व्हरच्या तब्येतीच्या खुणा झाल्या. माणसं कशासाठी खोळंबली आहेत हे त्यातून कळत नाही. मी पहिल्यांदा बघतो तो खोळंबा. ओरॅकलमध्ये वेट इव्हेंट, पोस्टग्रेसमध्ये पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी, एसक्यूएल सर्व्हरमध्ये वेट स्टॅट्स. आत्ता, या क्षणी, कोण कोणाची वाट बघतंय?

आमचं द्राक्षांचं पॅकहाऊस. जानेवारी ते एप्रिल श्वास घ्यायला फुरसत नसते. माल काढला की लवकरात लवकर प्री-कूलिंगला जायला हवा, नाहीतर देठ सुकतात आणि परदेशात पेटी नाकारली जाते. एका दुपारी वजनकाट्याचे तिन्ही संगणक अडकले. सर्व्हरवर काहीच भार नाही. पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी उघडलं तर एक सेशन 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' अवस्थेत, म्हणजे व्यवहार उघडा ठेवून रिकामं बसलेलं, ४७ मिनिटं. एका ऑपरेटरनं पॅलेटची नोंद बदलायला घेतली, स्क्रीन तशीच सोडली आणि जेवायला गेला. त्या नोंदीवर त्याचं कुलूप, त्याच्यामागं दुसरा, दुसऱ्यामागं तिसरा. बाहेर शेडमध्ये क्रेट उन्हाकडे सरकायला लागलेले. मी ते सेशन तोडलं आणि रांग हलली.

त्या पोराची चूक नव्हती. स्क्रीन उघडताच ट्रान्झॅक्शन सुरू करणारा प्रोग्रॅम ज्यानं लिहिला, चूक त्याची. पण सीझनमध्ये प्रोग्रॅम बदलून मिळत नाही. पोस्टग्रेसमध्ये ९.६ आवृत्तीपासून अशा रिकाम्या बसलेल्या ट्रान्झॅक्शनला मुदत घालता येते. मी पाच मिनिटं घातली. आणि इशारा एकच ठेवला: कुठलंही ट्रान्झॅक्शन दहा मिनिटांपेक्षा जास्त उघडं राहिलं तर माझा फोन वाजतो. व्हॅक्यूमसाठीही, म्हणजे पोस्टग्रेसच्या साफसफाईसाठीही, त्याचा फायदा झाला, कारण जुनं ट्रान्झॅक्शन उघडं असलं की मेलेल्या ओळी साफ होत नाहीत आणि टेबलं फुगत जातात.

सातपूरकर | गुरुवार, सकाळी ७.५२

पिंपळगावचा, पूर्ण पटलं. ओरॅकलमध्ये 'एन्क्यू टीएक्स रो लॉक कन्टेन्शन' हा वेट, म्हणजे ओळीवरच्या कुलपापायी खोळंबा, दिसला की दहातल्या नऊ वेळा हीच गोष्ट असते. सेशनच्या व्ह्यूमध्ये ब्लॉकिंग सेशनचा कॉलम असतो, त्याचा माग काढत रांगेच्या डोक्यापर्यंत जायचं. मधल्यांना मारून काही होत नाही, जो डोक्यावर बसलाय तो शोधा.

सिडकोकर | गुरुवार, सकाळी ९.१५

एसक्यूएल सर्व्हरवाल्यांसाठी एक. एका गिऱ्हाइकाकडे हजेरीचा डेटाबेस ६ जीबीचा आणि त्याची लॉग फाइल १८० जीबीची झाली होती. शेवटी ९००२ एरर येऊन पंचिंग बंद. ते म्हणत, "आम्ही रोज फुल बॅकअप घेतो, मग लॉग का वाढतो?" घेत होते हे खरं. पण रिकव्हरी मॉडेल (लॉग किती जपायचा याची सेटिंग) फुल असेल तर फुल बॅकअपनं लॉग मोकळा होत नाही. त्यासाठी लॉगचा वेगळा बॅकअप घ्यावा लागतो. ही गैरसमजूत मी इतक्या ठिकाणी बघितलीय की आता नवीन जागी गेलो की पहिली तीच तपासतो. गोदाकाठ, तुमच्या हजेरीच्या सर्व्हरवरही आजच बघून घ्या.

निवृत्त_लेजर | गुरुवार, दुपारी १२.४०

बँकेच्या संगणक विभागात आयुष्य गेलं, आता गंगापूर रोडला नातवंडांत रमतो. पण हा विषय निघाला की बसवत नाही.

सगळे बॅकअपबद्दल बोलताहेत. मी रिस्टोअरबद्दल, म्हणजे बॅकअपवरून डेटाबेस परत उभा करण्याबद्दल, विचारतो. शेवटचा रिस्टोअर कधी करून बघितलात? आमच्याकडे एका परिसंवादात दुसऱ्या एका संस्थेच्या गृहस्थांनी सांगितलेली हकिकत. त्यांचा बॅकअप रोज यशस्वी, पडताळणीही यशस्वी. सर्व्हर जळाला. नव्या सर्व्हरवर रिस्टोअर करायला घेतला तर फाइल उघडेना. डेटाबेस एन्क्रिप्ट केलेला होता, आणि ज्या सर्टिफिकेटनं कुलूप लावलं ते फक्त जळालेल्या सर्व्हरवर होतं. तिजोरी सुखरूप, किल्ली तिजोरीबरोबर गेलेली. ते गृहस्थ सांगताना दोनदा थांबले.

मी निवृत्त होईपर्यंत दर महिन्याला एक नियम पाळला. ज्यानं बॅकअप लावला नाही अशा माणसाच्या हातात फक्त लेखी कृती द्यायची आणि रिकाम्या मशिनवर डेटाबेस उभा करायला सांगायचं. आपण शेजारी बसायचं, पण बोलायचं नाही. तो जिथं अडेल तिथं आपली कृती अपुरी. पहिल्या वेळी तो पोरगा अकरा ठिकाणी अडला. अकराही ठिकाणं मी त्याच रात्री लिहून काढली.

क्लाउडप्रेमी_पुणे | गुरुवार, दुपारी २.०५

मूळचा नाशिकचाच, आता हिंजवडीत. एवढा जीव कशाला जाळताय? क्लाउडवाल्यांच्या मॅनेज्ड सर्व्हिसवर टाका. बॅकअप, पॅचेस, फेलओव्हर (एक सर्व्हर पडला की दुसऱ्यानं काम उचलणं) सगळं तेच बघतात. आमच्याकडे डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) असं पदच राहिलं नाही.

रेवती_इंदिरानगर | गुरुवार, दुपारी २.४८

अर्धं मान्य. बॅकअप आणि फेलओव्हरचं ओझं खरंच उतरतं, आणि दोन माणसांच्या टीमला ते फार मोलाचं आहे. पण पिंपळगावच्या त्या ऑपरेटरनं स्क्रीन तशीच सोडली असती तर क्लाउडवरही वजनकाटा थांबलाच असता. चुकीची क्वेरी, नसलेला इंडेक्स, उघडं ट्रान्झॅक्शन, हे सगळं आपल्याबरोबर तिकडं येतं. आणि 'व्हेअर', म्हणजे कुठल्या ओळी ही अट, न लावता मारलेलं डिलीट रेप्लिकावरही (सतत जुळवत ठेवलेल्या दुसऱ्या प्रतीवरही) तेवढ्याच इमानानं पोचतं. रेप्लिकाला कुणी बॅकअप समजत असेल तर कृपया थांबा.

गोदाकाठ यांच्या मूळ प्रश्नाला धरून एक उदाहरण देते. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमचा कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीच्या मुख्य पोस्टग्रेस सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी चुकून उडाली. रात्री उशिरा एक इंजिनिअर बिघडलेलं रेप्लिकेशन दुरुस्त करत होता. पुसायची होती दुय्यम सर्व्हरवरची, आज्ञा दिली गेली मुख्य सर्व्हरवर. सुमारे ३०० जीबीतले साडेचार उरले तेव्हा लक्षात आलं. मग बॅकअप शोधायला गेले. पीजी_डंपचा बॅकअप कितीतरी दिवस होतच नव्हता, कारण सर्व्हर ९.६ आवृत्तीचा आणि डंप घेणारी आज्ञा ९.२ ची. ती दरवेळी अपयशी ठरत होती आणि तशा मेलही जात होत्या, पण त्या मेल डिजिटल सहीच्या नियमात न बसल्यामुळे पलीकडे नाकारल्या जात होत्या. शेवटी योगायोगानं सहा तासांपूर्वी हातानं घेतलेली एक प्रत कामी आली. जवळजवळ सहा तासांचा डेटा गेला.

त्यांनी हे सगळं स्वतःहून जाहीर केलं, दुरुस्ती चालू असताना यूट्यूबवर थेट दाखवली. त्या माणसाला दोष दिला नाही. मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो. आणि बघा, तिकडं तीच गोष्ट झाली जी अंबडला झाली. मेल आली नाही, म्हणजे सगळं ठीक, असं धरलं गेलं.

निवृत्त_लेजर | गुरुवार, दुपारी ३.१०

रेवती, बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंस.

सातपूरकर | गुरुवार, सायंकाळी ६.३०

टक्क्यांबद्दल बोलू का? 'डिस्क ९० टक्के' या इशाऱ्याला मी पाच वर्षांपूर्वी रजा दिली. ४ टीबीच्या डिस्कवर ९० टक्के म्हणजे अजून ४०० जीबी शिल्लक, कदाचित वर्षभर पुरेल. १०० जीबीच्या डिस्कवर ९० टक्के म्हणजे १० जीबी, महिनाअखेरच्या रात्री ती दोन तासांत संपते. म्हणून माझा इशारा वेळेत बोलतो. गेल्या सहा तासांच्या वेगानं भरत राहिलं तर किती तास उरलेत? चार तासांखाली आलं की फोन वाजतो. तीन दिवसांखाली आलं तर सकाळी मेल, झोपमोड नाही. प्रोमिथियस या नजर ठेवणाऱ्या साधनात वेगावरून पुढचा अंदाज काढायची सोय आहेच, झॅबिक्समध्येही आहे.

आणि मर्यादा म्हणजे फक्त डिस्क नव्हे. गोदाकाठ, तुमच्या मशिनशॉपच्या टेबलाची प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीचा क्रमांक, साधी इंटिजर (पूर्णांक) आहे का?

गोदाकाठ | गुरुवार, सायंकाळी ७.०२

सातपूरकर, आहे. का?

सातपूरकर | गुरुवार, सायंकाळी ७.१५

तिची कमाल मर्यादा २१४,७४,८३,६४७. किती मशिन जोडलीत आणि ओळी कशा वेगानं येतात?

गोदाकाठ | गुरुवार, सायंकाळी ७.३३

४० मशिन, दर सेकंदाला प्रत्येकी एक ओळ. दिवसाला ३४ लाख ५६ हजार. भागाकार केला. ६२१ दिवसांत संपते. सुरू करून १४ महिने झाले, म्हणजे जेमतेम साडेसहा महिने हातात आहेत. अंगावर काटा आला.

सातपूरकर | गुरुवार, सायंकाळी ७.४१

अजून भरपूर वेळ आहे, काळजी करू नका. पण थेट कॉलमचा प्रकार बिगइंट (मोठा पूर्णांक) करायला जाऊ नका, अख्खं टेबल नव्यानं लिहिलं जाईल आणि तोवर कुलूपबंद राहील. नवा कॉलम जोडा, ट्रिगरनं (ओळ आली की आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमनं) नव्या ओळी भरा, जुन्या थोड्या-थोड्या भरत न्या, मग एका छोट्या खिडकीत अदलाबदल करा. किंवा महिन्यावार पार्टिशन (टेबलाचे तुकडे) करायचं मनात असेल तर नवं टेबल बिगइंटचंच उभं करा, म्हणजे एका दगडात दोन पक्षी.

पिंपळगावचा | गुरुवार, रात्री ८.२०

पोस्टग्रेसचा विषय निघालाय तर ट्रान्झॅक्शन आयडीचं, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला मिळणाऱ्या क्रमांकाचं, वयही बघत जा. ३२ बिटांचे असतात, चक्राकार फिरतात, आणि एका बाजूला साधारण दोन अब्जांची उसंत असते. ऑटोव्हॅक्यूम (आपोआप चालणारी साफसफाई) २० कोटींना स्वतःहून जुन्या ओळी गोठवायला घेतो. तिथवर ठीक. वय त्याच्या पुढं जात राहिलं तर काहीतरी त्याला अडवतंय: विसरलेलं रेप्लिकेशन स्लॉट, उघडं ट्रान्झॅक्शन, अर्धवट सोडलेलं प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन. टोकाला गेलं तर पोस्टग्रेस नवीन लिखाण घ्यायचं थांबवतो.

मखमलाबादची_मुलगी | गुरुवार, रात्री ९.४६

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजात नॉर्मलायझेशन, जॉइन, कॉडचे नियम शिकवले. यातलं काहीच शिकवलं नाही. हे शिकायचं कुठं? आणि पुढं याची नोकरी राहील का?

रेवती_इंदिरानगर | गुरुवार, रात्री १०.१८

राहील गं. कॉडनं आयबीएममध्ये असताना रिलेशनल मॉडेलवरचा, म्हणजे डेटा टेबलांत मांडण्याच्या पद्धतीवरचा, निबंध लिहिला १९७० साली. आजही इनव्हॉइस, पगार, द्राक्षाच्या पेट्या, सगळं त्याच टेबलांत बसतं. साधनं बदलतील, पण कुणाचं कुलूप कुणाला अडवतंय हे समजणारा माणूस लागेलच.

शिकायला घरचा लॅपटॉप पुरे. पोस्टग्रेस टाक, फुकट आहे. दोन टर्मिनल उघड. एकात ट्रान्झॅक्शन सुरू करून एक ओळ बदल, कमिट करू नकोस. दुसऱ्यात तीच ओळ बदलायला जा. ते लटकेल. आता तिसरं टर्मिनल उघडून कोण कोणाला अडवतंय ते शोध. हे एकदा हातानं केलंस की पुस्तकातलं लॉकिंगचं प्रकरण आपोआप उलगडेल. मग बॅकअप घे, डेटा डिरेक्टरी उडव, आणि परत उभा कर. काकांनी सांगितलं तसं, कृती लिहून आणि घड्याळ लावून.

एक सावधगिरीची गोष्ट नोकरीत उपयोगी पडेल. ओरॅकलचे एडब्ल्यूआर रिपोर्ट (डेटाबेसच्या कामगिरीचे) फार सुंदर असतात, पण त्यासाठी एंटरप्राइज एडिशन आणि वर डायग्नोस्टिक्स पॅकचा वेगळा परवाना लागतो. परवाना नसतानाही ते चालतात, आणि तपासणीत मालकाला भुर्दंड बसतो. स्टँडर्ड एडिशनवर स्टॅट्सपॅक वापर. त्यातही खोळंब्याची यादी मिळते.

सिडकोकर | गुरुवार, रात्री १०.४०

घड्याळाचा उल्लेख झाला म्हणून. सगळ्या सर्व्हरची घड्याळं जुळलेली आहेत का बघा. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवणं आणि लॉग १८० दिवस ठेवणं आता बंधनकारकच आहे. पण नियमापलीकडे रोजच्या कामातही ते नडतं. गोदाकाठ यांचा मंगळवार पहाटे २.४० चा फोन यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहिणाऱ्या लॉगमध्ये सोमवारी रात्री ९.१० ला सापडेल. अशा वेळी डोळ्यांवर झोप असलेला माणूस चुकीच्या तारखेच्या फायली चाळत बसतो. मी एकदा दीड तास चाळल्यात.

द्वारकावाला | शुक्रवार, सकाळी ८.०५

विषयाला धरून नाही, पण रात्री २.४० ला उठून काम करणाऱ्या सगळ्यांना मनापासून नमस्कार. माझा ट्रक त्या चारांत होता की नाही माहीत नाही, पण अंबडच्या गेटवर पहाटे थंडीत बिलाची वाट बघत उभा राहिलोय बऱ्याचदा. आतमध्ये कुणीतरी जागं आहे हे आज पहिल्यांदा कळलं. बिल आणि ई-वे बिल हातात पडल्याशिवाय गाडी हलवता येत नाही आम्हाला.

गोदाकाठ | शुक्रवार, सकाळी ८.३०

द्वारकावाला दादा, तुमचा हा प्रतिसाद मी आमच्या आयटीच्या खोलीत छापून लावतोय.

सातपूरकर | शुक्रवार, सकाळी ९.००

आता रविवारी सगळे मिसळीला भेटूया का? तर्री मागवून उरलेली चर्चा तिथंच. मखमलाबादच्या मुलीलाही बोलवा, काका तुम्हीही या.

निवृत्त_लेजर | शुक्रवार, सकाळी ९.१२

येतो. तर्री मला वर्ज्य आहे, पण दही-पापड चालेल.

गोदाकाठ | १२ दिवसांनी, बुधवार, रात्री ९.५०

मंडळी, रविवारी भेटलो तेव्हा तोंडी बोललो होतो, आता झालेलं लिहितो.

आधी २१२ इशारे कागदावर मांडले. प्रत्येकासमोर एकच प्रश्न: हा रात्री आला तर उठून मी काय करणार? ज्याला उत्तर नव्हतं तो सकाळच्या एका मेलमध्ये गेला किंवा कायमचा गेला. फोन वाजवणारे नऊ उरले. त्यात पिंपळगावच्या भाऊंचं उघडं ट्रान्झॅक्शन आहे, सातपूरकरांचे 'तास उरले' आहेत, ओरॅकलच्या रिकव्हरी जागेची मर्यादा आहे. हजेरीच्या सर्व्हरवर सिडकोकरांचं भाकीत खरं ठरलं, लॉग बॅकअप नव्हताच. आता दर १५ मिनिटांनी होतो.

पण सगळ्यात समाधान देणारं काम वेगळं आहे. मी हजेरीपट सुरू केला. प्रत्येक रात्रीच्या कामानं, बॅकअप असो, स्टॅट्स गोळा करणं असो, संपल्यावर एका छोट्या वेगळ्या मशिनवर आपली सही करायची. पहाटे ५ ला ते मशिन सह्या मोजतं. ज्याची सही नाही त्याच्या नावानं माझा फोन वाजतो. काम का झालं नाही, सुरूच झालं नाही की मध्येच पडलं, याच्याशी त्या मशिनला घेणं नाही. शाळेत बाई गैरहजर मुलाची खूण करतात तसं. पहिल्याच आठवड्यात त्यानं एक गैरहजर पकडला. पोस्टग्रेसचा साप्ताहिक बॅकअप. तो जुन्या सर्व्हरच्या नावावर लावलेला होता आणि तो सर्व्हर आम्ही मार्चमध्येच बंद केला होता.

आणि काकांचा नियम. ईआरपीचा पूर्ण रिस्टोअर माझ्या सहकाऱ्यानं माझी कृती वाचून रिकाम्या मशिनवर केला. मी शेजारी गप्प बसलो. तो सात ठिकाणी अडला. वेळ लागला ६ तास २० मिनिटं. व्यवस्थापनाला गेली तीन वर्षं आम्ही लेखी देत आलोय, दोन तास. सोमवारी खरा आकडा घेऊन साहेबांसमोर गेलो. ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "दोन तासांत आणायला काय लागेल?" स्टँडबायचं अंदाजपत्रक मागितलंय.

निवृत्त_लेजर | बुधवार, रात्री १०.०२

शाब्बास. सात ठिकाणं लिहून काढलीस का?

गोदाकाठ | बुधवार, रात्री १०.०४

काढली, काका. त्याच रात्री.

मखमलाबादची_मुलगी | बुधवार, रात्री १०.३०

दादा, एक शंका. हजेरी घेणारं मशिनच बंद पडलं तर? मग कोणाचीच गैरहजेरी लागणार नाही.

गोदाकाठ | बुधवार, रात्री १०.४५

छान विचारलंस. ते मशिन रोज सकाळी ७.३० ला मला एक एसएमएस पाठवतं, 'सर्व हजर' किंवा कोण नाही त्याचं नाव. एसएमएस आला नाही तर मशिनच गैरहजर. त्या वेळेला मी चहा घेत असतो, त्यामुळे विसरायचा प्रश्न येत नाही. घरातही आता सगळे विचारतात, "आला का मेसेज?"

गोदाकाठ | शनिवार, सकाळी ८.२५

मखमलाबादच्या मुली, हे तुझ्यासाठी. आज ७.३० ला मेसेज आला नाही. ७.४० पर्यंत वाट बघितली, मग गेटवर फोन केला. सिक्युरिटीचे मामा सर्व्हर रूमपर्यंत जाऊन बघून आले. रात्री फरशी धुणाऱ्यांनी त्यांचं मशिन लावायला त्या छोट्या मशिनचा प्लग काढला होता. मामांनी परत लावला. ८.०२ ला मेसेज आला: सर्व हजर.